सहीपूर्वीचे वाचन



मी सातवीत शाळा सोडली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा पोप आणि युरोपातील राजे यांच्या करारांवर हा गृहस्थ काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. पण करार हा माझ्या धंद्याचा विषय आहे. तीस वर्षे मी करारच वाचत आलो.

या करारांना कॉन्कॉर्डाट म्हणतात. त्यांतले भांडण बहुधा एकच: बिशप नेमायचा कोणी? १५१६ साली फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि पोप दहावा लिओ यांनी ते बोलोन्याच्या करारात मिटवले. नाव राजाने सुचवायचे, धर्माधिकार पोपने द्यायचा. ज्या धर्मगुरुमंडळांना बिशप निवडण्याचा जुना हक्क होता, त्यांचा हक्क दोघांनी मिळून काढून घेतला.

राज्यक्रांतीत ही घडी मोडली. १८०१ साली नेपोलियनने पोप सातवा पायस याच्याशी नवी बोलणी लावली. तेव्हा तो सम्राट झाला नव्हता, पहिला कॉन्सल होता. तरी राजाचा नाव सुचवण्याचा हक्क त्याला हवाच होता. पोपतर्फे कार्डिनल कॉन्साल्वी पॅरिसला गेला. १३ जुलैला मंडळी सहीसाठी जमली. कॉन्साल्वीने आठवणींत लिहून ठेवले आहे की, सही करण्याआधी त्याने पुढ्यातली प्रत वाचली, तर ती ठरलेल्या मसुद्याची नव्हतीच! त्याने सही नाकारली. पुन्हा रात्र जागून बोलणी झाली आणि १५ जुलैला करार झाला.

श्रोतेहो, नेमक्या याच जागी मी फसलो आहे. एका कारखान्यात चौदा तासांच्या वाटाघाटींनंतर टंकलिखित प्रत आली. डोळे मिटत होते. मी सही केली. 'सर्व कामगारांना' असे ठरले होते, प्रतीत 'सर्व कायम कामगारांना' होते. एका शब्दापायी साठ बदली कामगार पगारवाढीला मुकले. त्यांतल्या एकाने दुसऱ्या दिवशी एवढेच विचारले, "दादा, तुम्ही वाचलं नव्हतं का?"

कॉन्साल्वीने वाचले, तरी डाव झालाच. करारात कलमे १७. १८०२ साली तो जाहीर करताना नेपोलियनने पोपला न विचारता त्याला ७७ कलमे जोडली. सरकारच्या परवानगीवाचून पोपचे पत्रसुद्धा फ्रान्समध्ये प्रसिद्ध करायचे नाही! समझोत्यानंतर सूचनाफलकावर व्यवस्थापनाचे परिपत्रक लागते, त्यातलाच हा प्रकार.

पुढे सम्राट नेपोलियनने रोम घेतले आणि १८०९ साली पोपला कैद केले. कैद्याजवळ सैन्य नव्हते, पण करारातला अर्धा वाटा होता. नेपोलियनने बिशपांची नावे सुचवावी आणि पायसने त्यांना धर्माधिकार देऊ नये. धर्मप्रांत रिकामे राहू लागले. आमच्या भाषेत याला काम बंद म्हणतात.

१८१३ साली फोंतेनब्लोच्या राजवाड्यात नेपोलियन जातीने आला. पायस वृद्ध, आजारी, विश्वासू सल्लागारांपासून तोडलेला. २५ जानेवारीला त्याने सही केली. मुख्य कलम असे: पोपने सहा महिन्यांत अधिकार दिला नाही, तर आर्चबिशप देईल. म्हणजे हातातले एकुलते हत्यार गेले.

मग सल्लागारांना सोडले. कॉन्साल्वी आणि पाक्का आले, तो पोप पश्चात्तापाने खचलेला. सही मागे घेणारे पत्र त्याने स्वतःच्या हाताने लिहिले, रोज काही ओळी. कागद खोलीत ठेवण्याची सोय नव्हती, म्हणून कार्डिनल ते कपड्यांखाली लपवून बाहेर नेत. पत्रावर तारीख पडली २४ मार्च. दोन महिन्यांत पोपने आपली चूक कबूल केली. मला साठ जणांसमोर ती कबूल करायला आठवडा लागला, आणि सही तर मागे घेताच आली नाही.

नेपोलियनने पत्र दाबून ठेवले. दुसऱ्याच दिवशी त्याने हुकूम काढला, की फोंतेनब्लोचा करार हा साम्राज्याचा कायदा आहे.