कैद्यांच्या पहाऱ्यावरचे घोडेस्वार

(परभणीत तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



दरवर्षी 23 सप्टेंबरला आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: 1918 साली याच दिवशी हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी तुर्कांच्या मशीनगनवर चाल करून हैफा जिंकलं. मीही तो पुढे ढकलायचो. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे हैदराबाद लान्सर्सचे घोडे आपल्याही पूर्वजांच्या शेतसाऱ्यावर पोसलेले. शिवाय कुणी देशप्रेमाचा दाखला मागितला की दाखवायला बरा. इंग्रजांसाठी लढलेलं युद्ध देशप्रेमात कसं बसतं, हे कोण विचारतो!

मग नीट वाचलं. हैफावर धडक मारली जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी. हैदराबादचे स्वार त्याच ब्रिगेडचे, पण त्यांच्याकडे पकडलेल्या तुर्की सैनिकांना मागे नेण्याचं काम होतं. दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक हैदराबादची आहे, ती अख्ख्या मोहिमेसाठी.

हिरमुसलो, खोटं कशाला सांगू? पण आता ते पहारेकरीच माझ्या डोक्यातून जात नाहीत. 1914 मध्ये तुर्की खलिफाकडून जिहादचा पुकारा झाला. इकडे निजाम मीर उस्मान अली खान यांनी मुसलमानांना इंग्रजांशी निष्ठा राखायला सांगितलं. दोघांच्या मध्ये पगारी स्वार. समोर दमलेले कैदी, आणि नमाजची वेळ झाली की त्या कैद्याचं आणि रिसाल्यातल्या मुसलमान स्वाराचं तोंड एकाच दिशेला. काय वाटलं असेल त्याला?

पुढे 1 ऑक्टोबरला दमास्कस पडलं, 26 ला अलेप्पो, 31 ला युद्ध थांबलं. त्या महिन्यात घोडदळाची माणसं गोळ्यांपेक्षा मलेरिया आणि फ्लूनेच जास्त मेली. मेसेजमध्ये हे कधी येत नाही. तापाने मेलेल्याचा पुतळा कोण उभारणार?

मी डेटाबेसवर काम करतो. एका ‘शेख’ची पाच स्पेलिंगं झाली की माणूस सर्चमध्ये सापडत नाही, हे रोज बघतो. या शिपायांची नावं तर इंग्रज कारकुनांनी कानाला वाटली तशी लिहिली. म्हणून एक विनंती. घरातल्या जुन्या पेटीत राजाचं तोंड असलेलं चांदीचं मेडल असेल, तर सोनाराकडे नेण्याआधी त्याची कड भिंगातून बघा. शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण तिथेच कोरलेली असते. फोटो काढा आणि आजीला विचारा, हे कुणाचं.