बाळाचा श्वास मोजावा कसा?

श्रोतेहो, मी काही डॉक्टर नव्हे. कॉलेजात मुलांना मराठी शिकवणारा मनुष्य. तेव्हा लेकरांच्या दुखण्याविषयी हा काय सांगणार, असे तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. पण पडेगावला आमच्या घरी जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

थंडीचे दिवस. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला आलेली. बाळ एकवीस दिवसांचे. सकाळपासून ते दूध ओढीना. आई म्हणाली, "सर्दी असेल, ओव्याची धुरी देऊ." शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोट उडतंय गं, डबा दिसतोय." मी पेपर तपासत बसलो होतो! तेवढ्यात आशाताई एकविसाव्या दिवसाच्या भेटीला आल्या. त्यांनी बाळाचे अंगडे वर केले, घड्याळ समोर धरले आणि मिनिटभर गप्प राहून पोटाकडे पाहिले. पुन्हा एकदा मोजले. म्हणाल्या, "अडुसष्ट. सर, रिक्षा बोलवा." तासाभरात आम्ही घाटीत होतो. नवव्या दिवशी बाळ घरी आले.

तर आकडे ऐका. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्षाचे 50, आणि एक ते पाच वर्षांचे 40, तर तो श्वास जलद समजावा. खोकला असून श्वास जलद असला म्हणजे निमोनियाचा संशय धरावा. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, तर मोजत बसू नका, निघा. काकूंचा 'डबा' तो हाच. पोटाला चटके देऊन तो जात नाही, उलट वेळ जातो.

ही मोजणी खेड्यात रुजवणारी माणसे आपल्याच महाराष्ट्रातली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचे काम चालवले. तिथल्या दायांना साठपर्यंत मोजता येईना. मग त्यांनी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले एक साधे साधन केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की निमोनिया! पुढे 39 गावांत आरोग्यदूत बाया नवजात बाळांची घरीच काळजी घेऊ लागल्या. तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने ते जगापुढे ठेवले. 2011 पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या, त्याचे मूळ इथले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात. त्यांना दारातूनच परत पाठवू नका हो!

तान्ह्याबाबत आणखी थोडे. पहिल्या तासात अंगावर पाजावे, चीक पिळून टाकू नये. मध, गुटी नको. नाळेला राख, हळद, तेल काही लावू नये. कमी वजनाचे बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घ्यावे, त्याला तीच ऊब. दूध सोडले, अंग लुळे पडले, गार लागले किंवा तापले, तर दवाखाना.

मोठ्या लेकरांना हगवण लागली की पाणी तोडतात, ही आपली जुनी खोड. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावे. चमचा चहाचा. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून आधी चव घ्या, आसवांपेक्षा खारट नको. आरोग्य केंद्रातली पुडी मिळाली तर उत्तमच. जस्ताची गोळी सांगितलेले चौदा दिवस द्यावी. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नये.

गुरुजी, बाई, वयात आलेली मुलगी वर्गात पेंगते ती आळशी असेलच असे नाही. तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा, फिकी आहे का. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली दप्तरात ठेवून घरी नेतात, हे मला भाचीने सांगितले. जेवणानंतर समोर घ्यायला लावा.

आणि श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, निजलेले असल्यास फारच चांगले. पूर्ण एक मिनिट मोजावा, अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नये, कारण तान्ह्याचा श्वास मध्येच थबकतो. घड्याळ मोबाइलमधले चालेल. आमची आई हल्ली तेच वापरते.