रिपोर्टातला शब्द आधी समजून घेऊ या

(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



आम्ही काही डॉक्टर नव्हे. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता जेवढे कळले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीत एका मुलीचे लग्न जुळले होते. तिच्या रक्ताच्या रिपोर्टात 'सिकलसेल ट्रेट' असे लिहून आले. मुलाकडची मंडळी म्हणाली, "मुलीला आजार आहे." सोयरीक मोडली. मुलाचे रक्त मात्र कोणी तपासले नाही. त्या बैठकीत आम्ही हजर होतो आणि गप्प बसलो. कारण 'ट्रेट' म्हणजे काय, हे तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हते. त्या एका शब्दापायी पोरीला किती ऐकून घ्यावे लागले! म्हणून आज हा विषय.

बंधू-भगिनींनो, डॉक्टरी शब्द लांबलचक दिसतात, पण ते बहुधा ग्रीक-लॅटिन तुकडे जोडून केलेले असतात. तुकडे ओळखले की भीती जाते. 'ॲनिमिया' घ्या. 'अन्' म्हणजे नाही, 'हिमा' म्हणजे रक्त. हा 'अन्' आपल्याला परका नाही. विहारात आपली मुले 'अनत्ता' शिकतात, त्यातला 'अन्' तोच. ग्रीक आणि पाली या दूरच्या बहिणीच आहेत. 'हिमोग्लोबिन'मधला 'हिमो'सुद्धा रक्ताचाच. 'सिकल' म्हणजे विळा. १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून रोग्याची हाडे-सांधे ठणकतात.

आता रिपोर्ट वाचू. 'ए' हे नेहमीचे हिमोग्लोबिन, 'एस' हे सिकलचे. प्रत्येकाला एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. 'ए-ए' म्हणजे निरोगी. 'एस-एस' म्हणजे रोगी. 'ए-एस' म्हणजे ट्रेट, अर्थात वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. तो रोगी नव्हे. त्याचा जोडीदार 'ए-ए' असेल, तर त्यांच्या मुलांना 'एस-एस' होत नाही. दोघेही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक बाळंतपणात मूल 'एस-एस' होण्याची शक्यता २५ टक्के. "एक झाले, आता पुढची तीन सुटली" असा हिशेब करू नका. दर खेपेला २५ टक्केच.

आणखी एक शब्द, 'पॉझिटिव्ह'. याचा अर्थ 'चांगले' असा नाही. जे शोधत होते ते सापडले, एवढाच. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तर 'एस' आहे एवढे कळते. वाहक की रोगी, ते कळत नाही. त्यासाठी 'इलेक्ट्रोफोरेसिस' करतात. 'इलेक्ट्रो' म्हणजे वीज, 'फोरेसिस' म्हणजे वाहून नेणे. विजेच्या जोरावर 'ए' आणि 'एस' वेगवेगळे सरकतात आणि त्यांचे पट्टे वेगळे दिसतात.

विदर्भात हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत बराच आढळतो. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, तपासण्या होत आहेत. पण हातात आलेला कागद वाचायचा कोणी? आपणच ना! लग्न ठरवताना मुलीचेच नव्हे, मुलाचेही रक्त तपासा. आणि कोणी 'एस-एस' निघाला तरी त्याला दूर लोटू नका, औषधोपचार आहेत.

विद्यार्थ्यांना एकच विनंती. एक वही करा. दर रविवारी वंदना झाल्यावर कुणाच्या तरी घरचा रिपोर्ट, त्यांच्या परवानगीने, घ्या आणि त्यातले पाच शब्द फोडून अर्थ लिहा. अडले तर डॉक्टरांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. अकरावीच्या जीवशास्त्रालाही त्याचा उपयोग होईल.

त्या बैठकीत आम्ही गप्प बसलो. तुम्ही बसू नका.