रात्रीची वीज, दिवसाची ऊब

कंबर धरली की आमची आजी चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि शेकायला द्यायची. वीट तापायला वेळ घेते, तशीच निवायलाही. ब्रिटनमधली लाखो घरं विटेच्या याच गुणावर ऊब मिळवतात.

तिथे भिंतीलगत एक जड पेटी असते, स्टोअरेज हीटर. आत विटांची चळत, मध्ये विजेची कॉइल, भोवती उष्णता अडवणारं अस्तर. विटा रात्री सहाशे अंशांच्याही वर तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. रात्रीच का? मोठी वीजकेंद्रं रोज रात्री बंद करणं परवडत नाही आणि मागणी तर घटलेली असते. म्हणून १९७८ पासून तिथे ‘इकॉनॉमी सेव्हन’ हा दर आहे. रात्रीचे सात तास वीज स्वस्त, दिवसा मात्र चढ्या भावाने.

तुम्हा श्रोत्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. अनेक घरांत या स्वस्त तासांचा इशारा बीबीसीच्या १९८ किलोहर्ट्झच्या दीर्घलहरींवरून यायचा. बातम्या ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे. मीटरशेजारच्या पेटीला मात्र तो बरोबर कळे. ३० जून २०२५ पासून ही सेवा टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली. तिचं काम आता स्मार्ट मीटरकडे आलं आहे.

जुन्या हीटरची खोड अशी, की उद्या थंडी किती पडेल याचा अंदाज बांधून आज रात्रीच बटण फिरवायचं. अंदाज चुकला की हाल. दुपारी रिकामं घर तापलेलं, आणि माणसं कामावरून परतेपर्यंत विटा निवलेल्या. मग महागड्या विजेवर दुसरा हीटर लावायचा. रात्री वाचवलेलं संध्याकाळी गेलं!

नव्या हीटरचं अस्तर दाट असतं. किती तापायचं हे तो खोलीचं तापमान आणि आधीचा वापर पाहून ठरवतो. हवी तेव्हा ऊब बाहेर सोडायला आत पंखा असतो.

पण ‘कार्यक्षम’ या शब्दाला भुलू नका. एका युनिट विजेतून एका युनिटाचीच उष्णता मिळते, जुन्यात आणि नव्यातही. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेतो, म्हणून तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट देतो. मात्र तो बसवायला खर्च फार, आणि लहान फ्लॅटमध्ये जागेचीही अडचण. तिथे विटाच बऱ्या.

म्हणजे वीट तीच राहिली. फडकं जाड झालं, आणि शेक कधी द्यायचा हे यंत्राला समजू लागलं. आजीला ते कण्हण्यावरून समजायचं.