शेअर सर्टिफिकेट नसलेला सभासद : दयाळ

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त एप्रिलमध्ये आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला बजावलंय की वीस मिनिटांत आटपा, नंतर मिसळ आहे. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

गेल्या महिन्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन तक्रारी आल्या. एक, पहाटे उजाडायच्या आधीच कोणीतरी शिट्ट्या मारतं, झोपमोड होते. दोन, पार्किंगमधल्या गाडीच्या आरशावर एक पक्षी रोज चोची मारतो आणि घाण करतो. तीन, ए विंगच्या मागे पाइपाजवळच्या भोकातून काड्या लोंबतायत, साफ करून घ्या. मंडळी, या तिन्ही तक्रारी एकाच कुटुंबाविरुद्ध आहेत. त्याचं नाव दयाळ.

आधी ओळख करून घेऊ. आकाराने बुलबुलाएवढा, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १९ सेंटिमीटर. नराचं डोकं, छाती, पाठ चकचकीत काळी. पोट पांढरं, पंखावर एक लांब पांढरा पट्टा, शेपटीच्या कडाही पांढऱ्या. मादी तशीच, फक्त जिथे नर काळा तिथे ती राखाडी. खरी खूण म्हणजे शेपटी. बसला की ती ताठ वर उभी करतो.

आपल्याकडे घोटाळा होतो तो धोब्याशी. टाकीवर, गच्चीवर तुरुतुरु चालणारा काळा-पांढरा पक्षी दिसला तर त्याचा डोळा बघा. डोळ्यावर पांढरी भुवई असेल आणि चालताना शेपटी सारखी वरखाली हलत असेल, तर तो धोबी. दयाळाला भुवई नाही. दुसरा सारखा दिसणारा म्हणजे चिरक. तो दयाळापेक्षा लहान, पोटही काळंच आणि शेपटीखाली तांबूस. त्याला मोकळी, दगडगोट्यांची जागा आवडते.

आता ती पहाटेची शिट्टी. पहिल्या पाळीची कंपनीची बस पकडायला जे साडेपाचला खाली उतरतात, त्यांनी ती नक्की ऐकलीय. टीव्हीच्या डिशवर नाहीतर टाकीच्या पाइपावर, सगळ्यांत उंच जागी बसून नर गातो. मधेच इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो. आपल्याला गाणं वाटतं, पण दुसऱ्या नरासाठी ती नोटीस असते : ही हद्द माझी. मादीसाठी तेच आमंत्रण असतं. मार्च ते जुलै हा त्यांचा विणीचा काळ. पुढे आवाज थांबला की लोक म्हणतात, पक्षी गेला. तो कुठेही जात नाही. बारा महिने इथेच असतो, फक्त गप्प असतो. झुडपाखाली पालापाचोळ्यात किडे, नाकतोडे शोधत फिरतो.

आरशाचंही तेच. आरशात त्याला स्वतःचं रूप दिसतं आणि वाटतं, आला दुसरा आपल्या हद्दीत! बिचारा दिवसभर स्वतःशीच भांडतो. उपाय सोपा आहे. गाडी लावली की आरसे मिटा, किंवा त्यावर जुना मोजा चढवा. शत्रू दिसेनासा झाला की भांडण मिटतं. (हे सोसायटीतल्या इतर भांडणांना लागू पडत नाही, याची मला कल्पना आहे.)

या नावाचीही एक गंमत आहे. आपल्या ‘दयाळ’सारख्याच देशी नावावरून इंग्रजांनी त्याला ‘डायल बर्ड’ केलं. मग ऐकणाऱ्यांना वाटलं, याचा घड्याळाच्या डायलशी काही संबंध असावा. बांगलादेशात तो ‘दोयेल’, तिथला राष्ट्रीय पक्षी.

आता तिसरी तक्रार, म्हणजे ते भोक. आज मी उभा राहिलोय तो खरं तर त्याच्यासाठी.

दयाळ उघड्या फांदीवर घरटं बांधत नाही. त्याला झाडाची ढोली लागते, नाहीतर भिंतीतलं भोक. पंचवीस वर्षांपूर्वी आपण रहाटणीत राहायला आलो तेव्हा आजूबाजूला शेतं होती, बांधावर जुनी झाडं होती. आता ढोली असलेलं झाड शोधावं लागतं. उरली आपल्या इमारतीची भोकं. त्यातही साळुंक्यांशी स्पर्धा. सिंगापूरमध्ये हा पक्षी एके काळी मुबलक होता. पिंजऱ्यासाठी झालेली पकड आणि मैनांची स्पर्धा यांमुळे तो जवळजवळ संपला. मग बाहेरून आणून पुन्हा सोडावा लागला.

सहा वर्षांपूर्वी आपलं वॉटरप्रूफिंग झालं. तेव्हा मी कमिटीत होतो. बी विंगच्या मागची सगळी भोकं बुजवून घ्या, असं कॉन्ट्रॅक्टरला मीच सांगितलं. काम चोख झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या किचनच्या ग्रिलवर राखाडी मादी येऊन बसली, चोचीत अळी. ती भिंतीशी जायची, परत यायची. दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी आली नाही. तोपर्यंत मला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. चोचीत अळी म्हणजे आत पिल्लं, एवढंही मला माहीत नव्हतं. त्यानंतर मी वाचायला लागलो.

आता रौप्यमहोत्सवाचं रंगकाम मंजूर झालंय. मे महिन्यात परांची चढेल, म्हणजे नेमकी विणीत. रंगकाम थांबवा असं मी म्हणत नाही, इमारतीला त्याची गरज आहे. माझ्या फक्त चार विनंत्या आहेत.

एक, भोक बुजवण्याआधी दुरून तासभर लक्ष ठेवा. पक्ष्याची ये-जा असेल तर ती भिंत शेवटी घ्या. अंडी घालण्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना लागतो. तेवढीच मुदत मागतोय.

दोन, जेवढी भोकं बुजतील तेवढी लाकडी घरटी मागच्या बाजूला लावू. चिमणीच्या घरट्याचं भोक दयाळाला लहान पडतं, ते दोन-अडीच इंचांचं हवं.

तीन, फांद्यांची छाटणी पावसाळ्यानंतर करू. धोक्याची फांदी असेल तर ती अर्थात आधी.

चार, कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यातला पाला झाडू नका, जाळू तर नकाच. आपल्याला तो कचरा दिसतो, पण दयाळाचं ते स्वयंपाकघर आहे.

आणि बालमंडळी, पिल्लू सापडलं तर घरी पाळायचं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे. मांजरापासून लांब, जवळच्या झुडपात ठेवा. आईबाप आसपासच असतात.

मंडळी, या सभासदाचा मेंटेनन्स थकत नाही आणि पार्किंगवरून वादही नाही. पुढच्या वर्षी पहाटे शिट्टी ऐकू आली, तर समजा की आपलं रंगकाम नीट झालं.

मिसळ गार होतेय.