आलेखाची रेषा आणि मोजलेले ठिपके

काही वर्षांपूर्वी एका खरेदी समितीवर मी सभासद होतो. विद्युत्पुरवठ्याच्या एका यंत्राचा प्रश्न होता. पुरवठादाराने दोन आलेख पुढे ठेवले: एक संगणकाने वर्तविलेला, दुसरा प्रत्यक्ष मोजलेला. दोन्ही रेषा इतक्या एकरूप की, एकीखाली दुसरी दिसेना. सभासदांनी माना डोलावल्या. मी शिक्षणाने साहित्याचा एम. ए.; रेडिओ जुळविण्याचा नाद मात्र जुना. शिवाय महसूल खात्यात उमेदवारी केलेली. नजरअंदाजाची पैसेवारी आणि पीककापणीचा प्रयोग तंतोतंत जुळले, की आमच्यातला शहाणा अधिकारी आधी शेत पाहून येतो.

परिपथ बांधण्यापूर्वी त्याचे वर्तन गणिताने सांगणारी ‘स्पाइस’ ही प्रणाली १९७३ साली बर्कलीच्या नेगल व पीडरसन यांनी जगापुढे आणली. आजच्या पुष्कळशा प्रणाली तिच्याच वंशातील. तीत प्रत्येक घटकाचे प्रतिमान असते; म्हणजे काही समीकरणे व काही आकडे. घोटाळा बहुधा आकड्यांत असतो. ‘२एन३९०४’ हा साधा ट्रान्झिस्टर घ्या. १० मिलिअँपिअरला त्याचे प्रवाहवर्धन १०० ते ३०० यांच्या दरम्यान असेल, एवढेच कारखानदार कबूल करतो. प्रतिमानात मात्र एकच आकडा. ९ व्होल्टची बॅटरी, बेसला १० लाख ओहमचा रोधक, कलेक्टरला २,२०० ओहमचा, एवढीच मांडणी केली, तर वर्धन १०० असता कलेक्टरवर सात व्होल्टांहून थोडे अधिक दिसतील. ३०० असता जेमतेम साडेतीन.

कुशल अभियंता अर्थातच असे बांधत नाही. तो एमिटरला रोधक देऊन फीडबॅक साधतो आणि हा फरक जवळजवळ बुजवितो. मग अशा परिपथात गणित व मापन जुळले, तर परीक्षा कोणाची झाली? रोधकांची! ट्रान्झिस्टरच्या प्रतिमानाचा कस लागतो तो पहिल्या, ओबडधोबड मांडणीतच.

मापनही निष्पाप नसते. ऑसिलोस्कोपचा नेहमीचा दहापटीचा प्रोब म्हणजे १ कोटी ओहम आणि सुमारे १० पिकोफॅरड. १० लाख ओहमच्या उगमाला तो लावला, की व्होल्टेज नऊ टक्क्यांनी उतरते आणि सतरा-अठरा किलोहर्ट्झपुढे संदेश क्षीण होत जातो. यापायी मी दोन रात्री प्रतिमानाला शिव्या घातल्या आहेत. अखेर प्रोबही गणितात घातला, तेव्हा रेषा जुळल्या.

समितीत मी विचारले: किती नग मोजले? किती तापमानाला? आणि मापनानंतर प्रतिमानातील आकडे बदलले काय? पुरवठादाराचा अभियंता तरुण व प्रामाणिक होता. नग एकच, खोली वातानुकूलित, आणि आकडे त्याच मापनावरून बेतलेले, असे त्याने सांगून टाकले. उत्तर पाहून गणित सोडविले होते! आम्ही दहा नग मागवून उन्हाळ्याच्या तापमानाला मोजविले. नऊ अपेक्षेच्या आसपास राहिले, एक भलतीकडे गेला. त्यात निराळ्या बनावटीचा कपॅसिटर निघाला. पुढच्या बैठकीस त्या तरुणाने रेषेऐवजी एक रुंद पट्टा काढून आणला, आणि त्यावर दहाही ठिपके मांडले, बाहेर पडलेल्या एकासह.