सुरतेचा व्यापार आणि सरकारचे नियम



गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. साहित्य, इतिहास, समाजसुधारणा हे विषय अशा व्यासपीठाला शोभून दिसतात. परवाने, कर आणि तपासण्या हा विषय त्या मानाने रुक्ष. तरीही तो मी हेतुपुरस्सर निवडला आहे. सुरतेतील मराठी शाळा ज्यांच्या मुलांनी भरतात, ती माणसे प्रामुख्याने खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून यंत्रमागांवर आणि डाईंग मिलांत पोट भरण्यासाठी आली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत त्यांची बिऱ्हाडे स्थिरावली. सरकारने एखादा नियम सैल केला वा आवळला, तर त्याचा परिणाम आधी मालकाच्या चोपडीत आणि लगोलग या बिऱ्हाडांच्या चुलीपाशी दिसतो. तेव्हा हा विषय शाळेच्या अंगणाबाहेरचा आहे, असे मला वाटत नाही.

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. महाराजांनी स्वारी करावी इतके धन या गावात आले कोठून, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. ते तापीच्या मुखाशी चालणाऱ्या व्यापाराने आणले होते, आणि त्या व्यापाराची सरकारी अंमलदारांशी कुरबुर तेव्हाही नित्याचीच होती. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेस उतरला, तो पहिल्याच दिवसांत जकातीच्या झडतीवरून येथल्या अधिकाऱ्यांशी हुज्जत घालू लागला. पुढे तीनेक वर्षे तो जहांगीराच्या दरबारामागे फिरला. त्याला हवा होता कायम टिकणारा करार. हाती आली ती वेळोवेळची फर्माने. फर्मान देणाऱ्याची मर्जी फिरली की ते कागदच राहते. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याला सवलत नको होती, निश्चिती हवी होती. व्यापाऱ्याची खरी मागणी चारशे वर्षांत फारशी बदललेली नाही.

त्याच शतकातील दुसरी एक घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत नसते. १६६९ साली काझीच्या जाचाला कंटाळून सुरतेचे सुमारे आठ हजार वाणी गाव सोडून भरूचला निघून गेले. पेढ्या बंद पडल्या, व्यवहार थंडावला, आणि बादशहाकडून आश्वासन मिळाल्यावरच ते परतले. हा प्रसंग धार्मिक छळाचा होता, करांचा नव्हे. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. व्यापारी निघून जाऊ शकतो, आणि जाऊ शकतो म्हणून त्याचे ऐकावे लागते. त्या आठ हजारांच्या मागे राहिलेल्या विणकरांचे आणि हमालांचे त्या काळात काय झाले असेल, याची मी केवळ कल्पना करू शकतो.

आता एकदम आपल्या काळाकडे येऊ. १९५१ च्या उद्योग (विकास व विनियमन) अधिनियमाने मोठ्या उद्योगांना परवान्याच्या चौकटीत बसवले. कापड गिरण्यांच्या बाबतीत तर १९५६ पासून मागांची संख्या वाढवण्यावरच निर्बंध आले. हेतू उदात्त होता. हातमागावरचा विणकर जगावा. प्रत्यक्षात गिरणी बांधली गेली आणि हातमागाच्या वाट्याचे बरेचसे काम यंत्रमागाने उचलले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सुरत ही यंत्रमागाची गावे फोफावली त्यामागे हे एक मोठे कारण आहे. यंत्रमागालाही परवाना लागे, पण माग आधी बसत आणि मागाहून नियमित करून घेतले जात. मुंबईची गिरणी १९८२ च्या संपाने कोसळली असे आपण म्हणतो. तिचे हातपाय त्याआधी पंचवीस वर्षे बांधलेले होते, हे सहसा सांगत नाही. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांच्याकडे समान दृष्टीने पाहण्याचे ठरवले. २४ जुलै १९९१ रोजी नवे औद्योगिक धोरण आले आणि १८ उद्योग वगळता परवान्याची अट गेली. लघुउद्योगांसाठी वस्तू राखून ठेवण्याची पद्धत १९६७ मध्ये ४७ वस्तूंनी सुरू झाली होती. ती पुढे आठशेंच्या वर गेली, आणि शेवटच्या २० वस्तू मुक्त व्हायला एप्रिल २०१५ उजाडला.

तेव्हा नियम गेल्याने धंदा वाढतो हे खरे. सुरतेचा धंदा मात्र नियम असतानाच, नियमाच्या कुंपणाला वळसा घालून वाढला हेही तितकेच खरे. या वळशाची किंमत आहे. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की १९४८ चा कारखाना अधिनियम लागू होई. म्हणून एकाच छपराखाली भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावाने वेगवेगळी खाती दाखवण्याची रीत पडली. कागदावर सर्व लहान राहिले. लहान राहिल्यामुळे बँकेचे मोठे कर्ज नाही, नवे यंत्र नाही. आणि कामगाराला हजेरीपत्रक नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. नियमाने मालकाला खुजे ठेवले आणि कामगाराला अदृश्य केले.

कराचे उदाहरण याहून ताजे आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि सुरतेचा कापडबाजार कित्येक दिवस बंद राहिला. वर्तमानपत्रांनी लिहिले की व्यापाऱ्यांना कर भरायचा नाही. काहींना नसेलही. पण विणकराची अडचण निराळी होती. कृत्रिम यार्नवर आरंभी १८ आणि ऑक्टोबर २०१७ पासून १२ टक्के कर, कापडावर ५ टक्के. शंभर रुपयांच्या यार्नवर त्याने बारा रुपये भरले. त्याचे कापड दीडशेला विकले तर गिऱ्हाइकाकडून साडेसात रुपये आले. उरलेले साडेचार रुपये सरकारकडे अडकले. अन्य मालावर असा परतावा मिळे, कापडावर तो १ ऑगस्ट २०१८ पर्यंत नाकारला होता, आणि तोवरची साचलेली रक्कम बुडाली असेही अधिसूचनेने ठरवले. हा भाग गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्दबातल केला. यार्नवरचा कर ५ टक्क्यांवर येऊन ही गाठ सुटण्यास २२ सप्टेंबर २०२५ ही तारीख यावी लागली. स्वतःचे यार्न आणि स्वतःचे कापड असलेल्या मोठ्या कंपनीला आठ वर्षे थांबणे परवडते. आठ मागांच्या मालकाला नाही.

याच काळात व्यवसायसुलभतेच्या जागतिक क्रमवारीत आपला देश २०१४ मधील १४२ व्या स्थानावरून २०१९ मध्ये ६३ व्या स्थानावर चढला, याचा मोठा गाजावाजा झाला. जागतिक बँकेची ती पाहणी भारतापुरती दिल्ली आणि मुंबई या दोनच शहरांतून होत असे. सुरतेच्या कचेरीत अर्ज किती दिवस पडून राहतो हे तीत मोजलेच जात नव्हते. पुढे आकडेवारीतील गैरप्रकार उघड झाल्यावर बँकेने २०२१ मध्ये तो अहवालच बंद केला.

मग सुधारणा मोजायची कशी? माझी कसोटी साधी आहे. अर्ज चुकीचा मंजूर झाला तर नुकसान कोणाचे होणार, आणि तो मनुष्य त्या खिडकीपाशी उभा आहे काय? कोणी किती माग बसवावेत, कोणते कापड विणावे, याची चूक त्याची त्यालाच भोवते. तेथे परवानगी हवीच कशाला? पण २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागात तक्षशिला आर्केडला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या शिकवणीतील मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. त्या आगीत २२ जण गेले. ६ जानेवारी २०२२ रोजी सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात बेकायदा सोडलेल्या रसायनाच्या वायूने जवळच्या मिलमधील सहा कामगार मरण पावले. ही मुले, हे कामगार कोणत्याही खिडकीपाशी उभे नव्हते. दोन्ही ठिकाणी नियम अस्तित्वात होते. ते पाळले जात आहेत काय, हे पाहणारा डोळा नव्हता.

असा डोळा सुरतेने एकदा उघडलेला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भयाने हे शहर ओस पडले. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी मुख्यालयातील अधिकार विभागीय अधिकाऱ्यांकडे सोपवले, आणि त्याच अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उभे केले. घाण करणाऱ्या उपाहारगृहांना दंड झाला, बड्यांची बेकायदा बांधकामेही पडली. १९९६ मध्ये ‘इन्टॅक’ या संस्थेने सुरतेला चंदीगढखालोखाल देशातील स्वच्छ शहर ठरवले. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. निर्णय घेणारा माणूस जवळ आला आणि त्याच्या निर्णयाला चेहरा मिळाला, एवढेच घडले. व्यापाऱ्यालाही हेच तर हवे असते.

म्हणूनच २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांकडे मी संमिश्र भावनेने पाहतो. अनेक जुने कायदे चारांत आले, नोंदवह्या कमी झाल्या, हे चांगलेच. निरीक्षकाचे नाव आता निरीक्षक-तथा-साहाय्यक झाले आहे. नावाला माझा आक्षेप नाही. परंतु विजेवर चालणारी जागा ‘कारखाना’ ठरण्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर गेली. दहा कामगारांपासूनच्या आस्थापनांना संहितेच्या काही तरतुदी लागू राहतात, हे ध्यानात घेऊनही प्रश्न उरतोच: ज्या पंधरा माणसांच्या खात्याला कालपर्यंत निदान कागदोपत्री कारखाना मानले जाई, तेथल्या विजेच्या उघड्या तारा आणि अडवलेला जिना पाहण्यास आता कोण जाणार?

माझी सूचना अशी. लहान खात्याचा परवाना, नूतनीकरण, तिमाही विवरणपत्र यांतले जितके काढता येईल तितके काढावे आणि ते काम करणाऱ्या माणसांना जिने, तारा व बाष्पके तपासण्याच्या कामी लावावे. तपासणीचा निष्कर्ष खात्याच्या दारावर लावावा, आणि तो गुजरातीसोबत मराठी, हिंदी व उडिया भाषांतही असावा. कारण मागावर उभा असलेला माणूस या भाषा बोलतो. या सभागृहातील विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे वडील आज रात्रपाळीस जातील. त्या दारावरचा कागद त्यांना वाचता यावा.